पाणी गाळण्याचे शास्त्र : सांडपाणी, बहुवारिक पटले आणि नॅनोपदार्थ

भिक्खूच्या आठ परिष्कारांमध्ये तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांचा समावेश होतो. या शेवटच्या वस्तूला पाली भाषेत परिस्सावन म्हणतात. विनयपिटकातील चुल्लवग्गात या गाळणीविषयी एक प्रसंग आला आहे. कोसल देशातून दोन भिक्खू प्रवास करीत होते. एकाजवळ गाळणी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. वाटेत दुसऱ्याला तहान लागली व त्याने गाळणी मागितली. परंतु पहिल्याने मनातील रागामुळे ती दिली नाही. तहानेने त्या भिक्खूचा अंत झाला. हे कळल्यावर तथागतांनी नियम घालून दिला, की प्रवासात सोबत्याने मागितलेली गाळणी नाकारू नये आणि गाळणीवाचून प्रवासाला निघू नये. गाळणी नसेल तर चीवराचे टोक गाळणी म्हणून वापरावे. अधिक पाणी लागते अशा ठिकाणी दांडीवर ताणलेल्या मोठ्या गाळणीचीही त्यांनी अनुज्ञा दिली.

पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी हा या नियमामागचा मुख्य हेतू होता. तथापि त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. पाणी स्वच्छ करण्याचे साधन ही एकट्याची मालमत्ता नव्हे; ज्याच्याजवळ ते आहे, त्याच्यावर ते वाटून वापरण्याची जबाबदारीही आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आजच्या विज्ञानातील एका नव्या गाळणीचा परिचय मांडताना हा अर्थ आम्ही आधाराला घेत आहोत. ही गाळणी म्हणजे नॅनोपदार्थ मिसळून तयार केलेले बहुवारिकाचे, अर्थात पॉलिमरचे, पटल होय. सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगे करण्यासाठी जगभर त्याचा अभ्यास सुरू आहे आणि आपल्या मराठवाड्याला त्याची गरज इतर कोणाहूनही कमी नाही.

लातूरची रेल्वे आणि नांदेडची नदी

लातूर शहराला धनेगाव येथील मांजरा धरणातून पाणी मिळते. सलग अवर्षणामुळे २०१६ च्या उन्हाळ्यापूर्वीच हे धरण कोरडे पडले. पाण्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून त्या मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टँकर-वाघिणींची पहिली पाणी-रेल्वे लातुरात पोहोचली. तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ते दिवस स्वतः पाहिले आहेत. त्यांचे वर्णन येथे करण्याची आवश्यकता नाही. येथे आपल्याला केवळ एक हिशोब मांडायचा आहे.

भुयारी गटार असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा आपल्या देशातील नियोजनाचा मानदंड आहे. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. या मानदंडाने शहराला दररोज ५ कोटी ४० लाख लिटर पाणी लागेल आणि त्यातून सुमारे ४ कोटी ३० लाख लिटर सांडपाणी निघेल. पन्नास वाघिणींच्या गाडीच्या सतरा खेपा भरतील एवढे हे पाणी आहे. टंचाईमुळे दरडोई ५० लिटरच पाणी दिले, तरीही दररोज १ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी निघेल. म्हणजे सहा खेपांहून अधिक. ऐन दुष्काळात नळ कोरडे असताना हा आकडा आणखी खाली येतो, हे खरे. परंतु धरण आटू लागण्याच्या आधीच्या प्रत्येक महिन्यात एवढे पाणी आपण नाल्यात सोडून देत असतो, हेही तितकेच खरे आहे.

नांदेडची स्थिती वेगळी दिसते, कारण तेथे गोदावरी आहे आणि विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आहे. २०११ साली साडेपाच लाख लोकवस्ती असलेल्या या शहरातून वरील हिशोबाने दररोज सुमारे ६ कोटी लिटर सांडपाणी निघते. त्यातील जे शुद्ध न होता नाल्यांवाटे नदीला मिळते, ते खालच्या गावांच्या वाट्याला येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते आणि गोदावरीचे नाव त्या यादीत आहे. लातूरला पाण्याचे प्रमाण अपुरे पडते, नांदेडला त्याचा दर्जा बिघडतो. आणि दोन्ही प्रश्नांची वाट सांडपाण्यावरूनच जाते.

सांडपाण्यात काय असते?

एक हजार लिटर घरगुती सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचा असतो. उरलेल्या अल्प भागात विष्ठा, अन्नाचे कण, साबण, तेल, क्षार, नायट्रोजन व फॉस्फरसची संयुगे, औषधांचे अंश आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. पाण्यातील सेंद्रिय घाण किती आहे, हे मोजण्याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायूची मागणी म्हणतात. व्यवहारात त्याला बीओडी असे म्हटले जाते. ही घाण खाऊन टाकण्यासाठी जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, ते यावरून कळते. शुद्ध न केलेल्या घरगुती सांडपाण्यात हे प्रमाण लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. असे पाणी नदीत गेले म्हणजे जीवाणू नदीतील विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात.

सांडपाणी शुद्ध करण्याची रूढ पद्धत १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आकाराला आली. प्रथम जाळीने कचरा अडवावयाचा, जड गाळ खाली बसू द्यावयाचा, मग मोठ्या टाकीत हवा सोडून जीवाणूंकडून घाण खाऊन घ्यावयाची आणि शेवटी दुसऱ्या टाकीत ते जीवाणू गाळाच्या रूपाने खाली बसवून वरचे निवळलेले पाणी काढून घ्यावयाचे, असा तिचा क्रम आहे. पद्धत उत्तम आहे; मात्र तिची भिस्त गाळ नीट खाली बसण्यावर असते. गाळ हलका झाला, प्रवाह वाढला अथवा वीज गेली, की जीवाणू पाण्याबरोबर बाहेर पडतात. शिवाय टाक्यांना जागा पुष्कळ लागते. येथे पटलाचा उपयोग सुरू होतो.

पटल म्हणजे काय?

चहाच्या गाळणीतून चहा खाली उतरतो आणि पत्ती वर राहते. पटलाचे कार्य याच तत्त्वाने चालते, फक्त त्याची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. ती मोजण्यासाठी नॅनोमीटर हे एकक वापरतात. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर, आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूची लांबी सुमारे २,००० नॅनोमीटर, पोलिओच्या विषाणूचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, तर पाण्याचा रेणू सुमारे पाव नॅनोमीटरचा असतो.

छिद्रांच्या आकारानुसार पटलांचे चार वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील छिद्रे शंभर नॅनोमीटर आणि त्याहून मोठी असतात; ती गढूळपणा आणि जीवाणू अडवितात. दुसऱ्या वर्गातील अल्ट्राफिल्ट्रेशन पटलांची छिद्रे काही नॅनोमीटरपासून शंभर नॅनोमीटरपर्यंत असतात आणि ती विषाणूंनाही मोठ्या प्रमाणात रोखतात. तिसऱ्या वर्गात, म्हणजे नॅनोफिल्ट्रेशनमध्ये, ती सुमारे एक नॅनोमीटरची असतात. चौथा वर्ग आपल्या घरोघरी पोहोचलेल्या आरओचा, म्हणजे उलट परासरणाचा. तेथे विरघळलेले मीठसुद्धा मागे राहते.

परासरणाचा प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांनी बेदाण्यांवर केलेला असतो. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो आणि मिठाच्या दाट पाण्यात तोच फुगलेला बेदाणा आक्रसतो. सालीतून पाणी आपोआप कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जाते. क्षाराच्या बाजूने पुरेसा दाब दिला, तर हा प्रवास उलटा करता येतो. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल बनविले, की ज्यातून व्यवहारात उपयोगी पडेल एवढ्या वेगाने गोडे पाणी मिळू लागले. त्यांचे यश पटलाच्या रचनेत होते. ज्वारीची भाकरी टम्म फुगल्यावर वर पातळ पापुद्रा आणि खाली जाड भाग होतो. त्याप्रमाणे या पटलाला वर अत्यंत पातळ, दाट पापुद्रा आणि खाली आधारासाठी स्पंजासारखा सच्छिद्र थर होता. गाळण्याचे काम पापुद्रा करी आणि पातळ असल्यामुळे पाण्याला अडथळा कमी होई.

आज अशी पटले पॉलिसल्फोन, पॉलिइथरसल्फोन, पीव्हीडीएफ आणि पॉलिअमाइड या बहुवारिकांपासून बनवितात. बहुवारिक द्रावकात विरघळवून त्याचा पातळ थर पसरावयाचा आणि तो पाण्यात बुडवावयाचा. द्रावक बाहेर पडतो, पाणी आत शिरते आणि घट्ट होणाऱ्या थरात छिद्रे तयार होतात. द्रावणाची दाटी, तापमान आणि वेळ बदलून छिद्रांचा आकार हवा तसा करता येतो. आपल्या देशात भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी पटलांवर दीर्घकाळ काम केले आहे.

सांडपाण्यासाठी पटल व जीवाणू यांची जोडी घालतात. हवा सोडलेल्या टाकीतच पटलाच्या पोकळ तंतूंच्या जुड्या बुडवून ठेवतात आणि पंपाने पाणी तंतूंच्या आत ओढून घेतात. गाळ खाली बसण्याची वाट पाहावी लागत नाही. जीवाणू टाकीतच राहतात आणि बाहेर येणारे पाणी नितळ असते. या रचनेला पटल-जैवसंयंत्र म्हणता येईल. अभियंत्यांत ती एमबीआर या नावाने ओळखली जाते. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडानगरीसाठी अशा प्रकारचे संयंत्र उभारले होते.

एका निवासी शाळेचा हिशोब करून पाहू. ५०० विद्यार्थी प्रत्येकी १०० लिटर पाणी वापरतात असे धरले, तर दररोज सुमारे ४०,००० लिटर सांडपाणी निघेल. एक चौरस मीटर पटलातून ताशी १५ लिटर पाणी गाळले जाते आणि पंप दिवसातून २० तास चालतो, असे मानल्यास १३३ चौरस मीटर पटल लागेल. दोन मिलिमीटर जाडीच्या पोकळ तंतूंच्या रूपात हे पटल घेतले, तर तंतूंची एकूण लांबी सुमारे २१ किलोमीटर भरेल. आणि तरीही त्या जुड्या एखाद्या कपाटाएवढ्या जागेत मावतील. पटलाचे सामर्थ्य अशा थोड्या जागेतील मोठ्या पृष्ठभागात आहे.

पटल तुंबते तेव्हा

या तंत्राची सर्वांत मोठी अडचण पटल तुंबण्याची आहे. बहुतेक बळकट बहुवारिके जलविरोधी असतात. अळूच्या पानावरून पाण्याचा थेंब ओघळून जातो, त्याप्रमाणे त्यांना पाण्याचे सख्य नसते. याउलट तेल, प्रथिने आणि सेंद्रिय चिकट द्रव्ये त्यांना सहज चिकटतात. काही दिवसांत छिद्रांच्या तोंडाशी लेप बसतो. त्या लेपावर जीवाणू वस्ती करतात, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि पाण्याचा वेग घटत जातो. मग पंपाचा दाब वाढवावा लागतो, विजेचे बिल वाढते, क्लोरीनयुक्त रसायनांनी पटल वारंवार धुवावे लागते आणि त्या धुण्याने त्याचे आयुष्य कमी होते. पटल महाग असते, त्याहून त्याची देखभाल महाग पडते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो.

दुसरी अडचण मूलभूत स्वरूपाची आहे. छिद्रे मोठी केली तर पाणी भराभर येते, पण घाणही सुटते. छिद्रे लहान केली तर घाण अडते, पण पाणी मंदावते. एक साधावे तर दुसरे हातचे जाते. या दोन्ही अडचणींवर उपाय शोधताना संशोधक नॅनोपदार्थांकडे वळले.

नॅनोपदार्थ काय करतात?

ज्या पदार्थाच्या कणाचे किमान एक माप शंभर नॅनोमीटरच्या आत असते, त्याला सामान्यतः नॅनोपदार्थ म्हणतात. पदार्थ बारीक करीत गेले, की त्याच वजनात उघडा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, याचेही कारण तेच. या वाढलेल्या पृष्ठभागामुळे अल्पसा पदार्थ मोठा परिणाम घडवितो. पटल बनविण्याच्या द्रावणातच असा पदार्थ थोड्या प्रमाणात मिसळतात, अथवा तयार पटलाच्या पृष्ठभागावर त्याचा लेप देतात.

टायटॅनियम डायऑक्साइड हा रंगकामातील पांढऱ्या रंगाचा परिचित घटक आहे. त्याचे नॅनोकण पटलाला जलस्नेही बनवितात. पटलाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि तेल व प्रथिने यांना चिकटण्यासाठी जागा मिळत नाही. अतिनील प्रकाश पडल्यास हे कण सेंद्रिय घाणीचे विघटनही घडवितात.

चांदीचे नॅनोकण जीवाणूंची वाढ रोखतात, त्यामुळे पटलावर त्यांची बुळबुळीत वस्ती होण्यास वेळ लागतो. चांदीचा हा गुण पिण्याच्या पाण्यासाठीही उपयोगात आला आहे. टाटा समूहाने डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आणलेल्या स्वच्छ या शुद्धीकरण यंत्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसविलेले होते आणि ते विजेवाचून चाले. मद्रासच्या आयआयटीतील टी. प्रदीप यांच्या गटाने धातूंच्या नॅनोकणांच्या साहाय्याने पाण्यातील कीटकनाशकांचे अंश दूर करण्याचे तंत्र विकसित केले. ही साधने पटलांची नाहीत. परंतु नॅनोपदार्थ सामान्य माणसाच्या घागरीपर्यंत पोहोचू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

ग्रॅफिन ऑक्साइड हा तिसरा महत्त्वाचा पदार्थ. पेन्सिलीच्या शिशात जे ग्रॅफाइट असते, त्याचे ऑक्सिडीकरण करून अणूएवढ्या जाडीचे पापुद्रे सुटे केले, की तो मिळतो. त्याच्या कडांवर आणि पृष्ठभागावर प्राणवायूयुक्त गट असतात. ते पाण्याला जवळ करतात आणि पटलाला ऋण विद्युतभार देतात. सांडपाण्यातील अनेक सेंद्रिय कणांवरही ऋणभारच असल्यामुळे ते दूर लोटले जातात. कार्बनच्या नॅनोनळ्यांच्या आतील गुळगुळीत वाटेने पाणी जलद सरकते. झिओलाइटच्या स्फटिकांत रेणूंच्या मापाच्या ठराविक पोकळ्या असतात. २००७ साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी पॉलिअमाइडच्या पापुद्र्यात झिओलाइटचे नॅनोकण बसवून दाखविले, की क्षार अडविण्याची क्षमता न गमावता पाण्याचा वेग वाढविता येतो. या कामानंतर या क्षेत्रातील संशोधनाला मोठी चालना मिळाली.

आपल्या शाळेच्या हिशोबाकडे पुन्हा वळू. पटल कमी तुंबल्यामुळे ताशी १५ लिटरऐवजी २० लिटरचा वेग सातत्याने टिकला, असे समजा. मग १३३ ऐवजी १०० चौरस मीटर पटल पुरेल. पटलाच्या खरेदीत एक चतुर्थांश बचत होईल आणि धुण्याच्या रसायनांत व विजेत होणारी बचत वेगळीच. नॅनोपदार्थांचे व्यावहारिक मोल असे मोजावयाचे असते.

मर्यादांचा विचार

तथागतांनी कालामांना केवळ ऐकीव माहितीवर अथवा अधिकाराच्या दडपणाखाली काही स्वीकारू नये, असा उपदेश केला. विज्ञानाच्या नव्या वस्तूंनाही हा निकष लावला पाहिजे.

पहिली मर्यादा मिश्रणाची. पिठले करताना बेसन एकदम टाकले तर गुठळ्या होतात, तसे नॅनोकणही प्रमाणाबाहेर घातले तर एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. त्या ठिकाणी पटल दुबळे होते व छिद्रे वेडीवाकडी होतात. म्हणून हे कण बहुधा बहुवारिकाच्या वजनाच्या टक्का-दोन टक्क्यांच्या आसपासच मिसळतात. दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. पटलातून चांदीचे कण हळूहळू सुटून पाण्यात गेले, तर नदीतील उपयुक्त जीवाणू आणि जलचर यांना त्यांचा उपद्रव होऊ शकतो. कण पटलात पक्के बांधले गेले आहेत काय, याची दीर्घकाळ चाचणी घेतल्याविना असे पटल वापरणे योग्य नाही. तिसरी मर्यादा अशी, की प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या पटलावर काही तासांत मिळालेला निष्कर्ष नाल्याच्या खऱ्या पाण्यावर काही वर्षे टिकेलच, असे नाही. चौथी मर्यादा विजेची आहे. पटल-जैवसंयंत्राला रूढ पद्धतीपेक्षा लक्षणीय अधिक वीज लागते. पाचवी मर्यादा शेष पाण्याची. आरओ पटल क्षार नष्ट करीत नाही, ते उरलेल्या पाण्यात साठविते. त्या खारट पाण्याचे काय करावयाचे, याचे उत्तर आधी हवे.

यास्तव प्रत्येक ठिकाणी पटलच हवे, असा आग्रह आम्ही धरणार नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या वाफ्यांत कर्दळीसारख्या वनस्पती लावून त्यांच्या मुळांशी सांडपाणी शुद्ध केले जाते. मोकळी जमीन असलेल्या गावच्या शाळेला ती अधिक परवडते. जागा अपुरी आहे, शुद्धतेची अपेक्षा उच्च आहे आणि पाणी पुन्हा वापरावयाचेच आहे, अशा ठिकाणी पटलाला पर्याय कमी उरतात. देशभरातून विद्यार्थी येतात त्या लातूरच्या शिकवणी-वसतिगृहांचा दाट परिसर हे त्याचे समर्पक उदाहरण ठरेल.

सांडपाण्याच्या पुनर्वापराचा मार्ग अनेकांनी चोखाळलेला आहे. नामिबियाच्या विंडहुक शहरात १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. सिंगापूरने २००३ मध्ये पटलांच्या साहाय्याने न्यूवॉटर हा प्रकल्प लोकांपुढे आणला. चेन्नईत २०१९ पासून अल्ट्राफिल्ट्रेशन व आरओ पटलांतून शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्यांना पुरविले जाते. आपल्या राज्यात नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते आणि तेवढे ताजे पाणी वाचते. लातूर व नांदेडच्या उद्योगांना, बागांना आणि बांधकामांना हेच लागू करता येईल.

शुद्धता कोणी ठरवावयाची?

या देशात पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर ते तळे बाटले असे ठरवून सनातन्यांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतून त्याची शुद्धी केली. आज आपला कोणताही दहावीचा विद्यार्थी सांगू शकेल, की त्या शुद्धीने पाण्यातील सेंद्रिय घाण वाढली, बीओडी वाढला आणि विष्ठेतील जीवाणूंची भर पडली. माणसांच्या ओंजळींनी त्या पाण्यात मोजता येण्यासारखे काहीही मिसळले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्य मानलेल्यांचा त्या तळ्यावरील हक्क मान्य केला.

पटलाला जात कळत नाही. त्याला आकार, विद्युतभार आणि पाण्याशी असलेले सख्य एवढेच कळते. जे पाणी त्यातून पार झाले, त्याची शुद्धता कोणालाही मोजून पाहता येते. शुद्धता जन्मावरून ठरविणाऱ्या व्यवस्थेला मोजमापाचे हे उत्तर आहे, आणि म्हणून विज्ञानाचे शिक्षण हा आमच्या दृष्टीने समतेच्या चळवळीचाच भाग आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोरे प्रकल्प आणि देशाच्या जलनीतीची पायाभरणी यांत लक्ष घातले. पाण्याचा हक्क मागणारा नेता पाण्याचे नियोजनही शिकून घेतो, हा त्यांचा आदर्श आहे.

या विषयाची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. सांडपाण्याशी ज्यांचा संबंध जातीने जोडला, त्या समाजातील माणसे आजही गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरविली जातात व विषारी वायूने प्राण गमावतात. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना द्यावयाची भरपाई २०१४ मध्ये १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरविली. भरपाईची रक्कम वाढली, परंतु माणूस उतरणे थांबले नाही. केंद्रावर अद्ययावत पटल बसविले आणि केंद्रापर्यंतची वाहिनी तुंबल्यावर त्यात माणूस उतरविला, तर त्या शुद्धीकरणाला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. पटलाची मागणी करताना वाहिन्या साफ करणाऱ्या यंत्रांची मागणी त्याच कागदावर झाली पाहिजे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या तंट्याशी जोडला आहे. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न आपल्या परंपरेच्या अगदी आरंभी उभा आहे.

आपण काय करू शकतो?

पालकांनी प्रथम आपापल्या घरातील पाण्याचा हिशोब ठेवावा. घरगुती आरओ यंत्र शुद्ध पाण्यापेक्षा अधिक पाणी बहुधा बाहेर टाकते. ते फरशी पुसण्यासाठी वा स्वच्छतागृहासाठी बादलीत धरावे. आपल्या गावचे अथवा प्रभागाचे सांडपाणी कोठे जाते, हे ग्रामसभेत आणि महानगरपालिकेत विचारावे. तो प्रत्येक नागरिकाचा अधिकार आहे.

विद्यार्थ्यांसाठी हा अभ्यासाचा आणि उपजीविकेचा नवा प्रांत आहे. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि स्थापत्य या साऱ्या वाटा येथे एकत्र येतात. त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. १९८१ मध्ये सुरू झालेली नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही दोन्ही आपल्या दाराशी आहेत. लातूर पॅटर्नच्या वर्गांतून वैद्यकाकडे जाणाऱ्या हजारो मुलामुलींपैकी काहींनी पाण्याकडेही वळावे, असे आम्हांला वाटते. दूषित पाण्यामुळे होणारा आजार दवाखान्यात बरा करता येतो. तो होऊच नये, यासाठी झटणारी माणसेही समाजाला हवी आहेत.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, अधिकारी, शिक्षक वा लोकप्रतिनिधी झाले आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. शाळेच्या सांडपाण्यासाठी एक छोटे शुद्धीकरण केंद्र उभे राहावे, आरंभी कर्दळीच्या वाफ्यांचे आणि पुढे शक्य होईल तेव्हा पटलाचे. तेथे येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा आणि बीओडी मुलांनी दर आठवड्याला मोजून वहीत लिहावा. ज्या समाजाच्या पूर्वजांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे सांगितले गेले, त्या समाजाची मुले पाण्याची शुद्धता स्वतः मोजून प्रमाणित करतील आणि त्या नोंदी गावापुढे उघड्या ठेवतील. ज्ञानाचे साधन वाटून घेण्याची आपली परंपरा त्या वहीतून पुढे चालू राहील.